तीन ते सहा

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
९ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "म्हणजे तू शिकवण्या घेतेस का गं?" आणि मी घाईत "तसंच काहीसं" म्हणून विषय संपवला. फोन ठेवल्यावर मलाच चुटपुट लागली. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेल्या बाईला असं अर्धवट उत्तर द्यायला नको होतं. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. बाबांनाही वाचून दाखव.

इथे शाळा अडीच-तीनला सुटते. आईबाप कामावरून सुटतात पाच-सहाला. आमच्या या खोऱ्यात बदामाची काढणी चालू असली, पॅकिंगच्या शेडमध्ये पाळ्या लागल्या, की आणखी उशीर. मधले तीन तास मूल कुठे असतं, कोणाजवळ असतं, हा माझ्या नोकरीचा विषय. मी शाळेतून यायचे तेव्हा आजी दारातच बसलेली असायची, आठवतं? दप्तर खाली ठेवायच्या आत माझ्या तोंडाकडे बघून तिला कळायचं की आज काहीतरी बिनसलंय. मी ज्या मुलांमध्ये वावरते त्यांतल्या कितीतरी जणांची आजी सीमेपलीकडे मेक्सिकोत असते, नाहीतर ती स्वतःच त्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यासमोर उभी असते.

म्हणून शाळा सुटल्यावर त्याच आवारात दुसरी पाळी सुरू होते. आफ्टरस्कूल म्हणतात तिला. घंटा झाली की लगेच सुरू व्हायचं आणि संध्याकाळी किमान सहापर्यंत दार उघडं ठेवायचं, असा नियमच आहे. आधी खाऊ, मग गृहपाठ, मग चित्रं, फुटबॉल, बागकाम, कधी रोबोट. खाऊ पहिला का, ते तुला सांगायला नको. भुकेलं मूल गणिताला बसत नाही, हे तू माझ्याआधी ओळखलं होतंस.

हे सगळं आपसूक उभं राहिलेलं नाही. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी ‘प्रस्ताव ४९’ मंजूर केला. तो पुढे रेटला होता सिनेमानट अर्नोल्ड श्वार्झनेगरने, तेव्हा तो अजून गव्हर्नर व्हायचा होता. त्या प्रस्तावामुळे राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ५५ कोटी डॉलर प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या या केंद्रांसाठी बाजूला पडू लागले. मतदारांनीच लावलेला हा नियम असल्यामुळे आमदारांना तो मनात आलं म्हणून मोडता येत नाही. २०२१ मध्ये राज्याने आणखी मोठी योजना आणली. सहावीपर्यंतच्या मुलांना शाळा आणि नंतरचा वेळ मिळून दिवसाचे नऊ तास, शिवाय सुट्ट्यांतले ३० दिवस. तिच्यावर आता वर्षाला ४०० कोटी डॉलरहून जास्त जातात. मोठ्या मुलांच्या शाळांना मात्र बराचसा आधार वॉशिंग्टनहून येणाऱ्या पैशाचाच आहे.

माझं काम वर्गात नाही, केंद्रांच्या पाठीशी आहे. हायवे ९९ वर गाडी घालायची आणि एकेक केंद्र गाठायचं. राज्याने २०१४ मध्ये गुणवत्तेचे १२ निकष ठरवले आहेत. मुलाला इथे सुरक्षित वाटतं का, ते नुसतं बसून राहतं की हाताने काही करतं, काय करायचं ते ठरवताना त्याला कोणी विचारतं का, असे. मी ते घेऊन तपासायला जात नाही. तिथल्या लोकांबरोबर दुपारभर बसते, बघते, आणि मुलं गेल्यावर आम्ही बोलतो. परवा एका केंद्रावर लक्षात आलं की खाऊच्या वेळी सगळे मोठे उभे आणि मुलं बसलेली. एवढंच बदललं, मोठ्यांनी मुलांच्या टेबलावर बसून खायचं. आठवड्याभरात तिथली बाई म्हणाली की काही मुलांचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला.

पण आई, या सगळ्यात मला रात्री जागं ठेवते ती एकच गोष्ट, तिथली माणसं टिकत नाहीत. केंद्रावरचे ‘लीडर’ म्हणजे वीस-बावीस वर्षांची पोरं. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते सहा इथे. एकेकाच्या हाती वीस मुलं. ‘प्रस्ताव ४९’ चं अनुदान हजेरीवर मिळतं. २००६ पासून २०१७ पर्यंत ते एका मुलामागे दिवसाला साडेसात डॉलरच होतं. त्याच काळात राज्यातलं ताशी किमान वेतन ६.७५ वरून १०.५० डॉलरवर गेलं. पुढे अनुदान वाढलं, नवी योजनाही आली, पण गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून मोठ्या साखळीच्या फास्टफूड दुकानांत ताशी किमान २० डॉलर द्यावे लागतात आणि आमची कितीतरी केंद्रं तेवढे देऊ शकत नाहीत. बर्गरच्या खिडकीवर जास्त पैसे आणि पूर्ण दिवसाचं काम मिळत असेल, तर घरभाडं भरणाऱ्या पोराला मी कोणत्या तोंडाने थांब म्हणू?

या जुलैत त्यात आणखी भर पडली. १ तारखेला राज्यांना वॉशिंग्टनच्या सरकारकडून मिळायचा शिक्षणनिधी अडकला. देशभरातले मिळून जवळजवळ ६.८ अब्ज डॉलर, त्यात आफ्टरस्कूलचे सव्वा अब्जाहून जास्त. आफ्टरस्कूलचे पैसे तिसऱ्या आठवड्यात सुटले, पण तोवर आमच्याकडच्या दोन केंद्रांनी नव्या माणसांना "थांबा" सांगून टाकलं होतं. ती माणसं थांबली नाहीत. का थांबतील?

ऑगस्टमध्ये असाच एक लीडर मुलगा काम सोडून गेला. तीन वर्षं त्याच शाळेत, त्याच मुलांबरोबर होता. त्याच्या गटात आठ वर्षांची एक मुलगी आहे. घरी मिश्तेको, म्हणजे मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांची एक भाषा, बोलतात, शाळेत स्पॅनिश आणि इंग्रजी, आणि स्वतः होऊन ती फार कोणाशी बोलतच नाही. तो गेल्यावर तिने खाऊ खाणं बंद केलं. ताटली समोर ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची. सगळ्यांना वाटलं, त्या मुलाची आठवण येते. ती येत होतीच. पण कारण आणखीही होतं.

जानेवारीत बेकर्सफील्डच्या बाजूला कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना धरायला सीमा गस्तदलाच्या धाडी पडल्या तेव्हापासून मुलांना घ्यायला येणाऱ्यांच्या यादीला फार महत्त्व आलं आहे. मूल कोणाच्या हाती द्यायचं त्याचं एक कार्ड असतं. त्यावर आईबाप आणि आणखी एखाद-दोन नावं. किती आयांनी तेव्हापासून मावशीचं, शेजारणीचं, चर्चमधल्या बाईचं नाव घालून घेतलं असेल! त्या मुलीच्या आईने तर जाणाऱ्या मुलालाच बोलता बोलता सांगून ठेवलं होतं, "कधी मला उशीर झाला तर तू हिच्याजवळ थांब." मुलीने ते ऐकलं होतं. तिच्या हिशेबात तोच कार्डावरचा तिसरा माणूस होता आणि तोच निघून गेला होता. हे आम्हाला कळायला तीन आठवडे लागले. कोणत्याही फॉर्मवर ते लिहिलेलं नव्हतं. एका दुपारी ती चित्र काढत असताना शाळेची समुपदेशक शेजारी बसली होती, तिला तिने हळूच सांगितलं.

मुलाची सुरक्षितता, मनाचं आरोग्य, असे शब्द आम्ही बैठकीत दिवसभर वापरतो. त्या दुपारनंतर ते माझ्या तोंडी पहिल्यासारखे सहज येत नाहीत. मूल स्वस्थ बसायचं असेल तर ओळखीचं माणूस उद्याही तिथेच असायला हवं. म्हणून मी आता पैशाच्या प्रत्येक चर्चेत तासांचा विषय काढते. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला मी म्हटलं, सकाळी वर्गात मदतनीस लागतेच, दुपारी लीडर लागतोच. दोन अर्धी कामं एकाच माणसाला द्या, म्हणजे पूर्ण नोकरी होईल, आरोग्यविमा मिळेल. दोन पगार दोन वेगळ्या खात्यांतून निघतात, त्यामुळे कागद हलायला महिना गेला. पण झालं. आता तिथे जी बाई आहे ती लहानपणी याच केंद्रावर यायची. तिची आईही तिला सहाच्या ठोक्यालाच न्यायला पोचायची.

काल मी मुद्दाम तिथे थांबले. पावणेसहा वाजले होते, बाहेर बदामाच्या धुळीने आभाळ पिवळट झालं होतं. मुलगी दाराशीच होती, पण सही करायच्या टेबलावर, नव्या ताईच्या शेजारी. पालक आला की पेन पुढे करायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. ताटलीतलं सफरचंद संपलं होतं. तिचं नवं कार्डही मी पाहिलं, तिसऱ्या ओळीवर मावशीचं नाव आहे.

टेबलाखाली त्या दोघींचा खडे झेलायचा डाव चालला होता. मेक्सिकोत त्याला मातातेना म्हणतात, पण आपले सागरगोटेच गं. मीही बसले. दोन-तीन डाव आले मला, पण वरचा खडा खाली यायच्या आत तू खालचे सगळे एका मुठीत कसे घ्यायचीस, ते काही केल्या जमेना. पोरगी माझ्या हाताकडे बघत होती. पुढच्या गुरुवारी परत जायचंय, तेव्हा रविवारी फोन करशील तेव्हा फोन समोर ठेवून एकदा करून दाखव. सावकाश.

बाबांना नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुझी लेक