मला शुगर नाही, संपादक साहेब

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात पान सातवर, खाली उजव्या कोपऱ्यात एक जाहिरात आली होती, मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या पावडरची. त्यात एक चष्मेवाला माणूस हसत अंगठा दाखवतोय आणि बाजूला लिहिलंय की हे सांगली जिल्ह्यातले शिक्षक, वय ४८, बारा वर्षं इन्सुलिन घेत होते, आता रोज जिलेबी खातात. साहेब, तो माणूस मी आहे. माझं वय ३६, शिक्षक नाही, इन्सुलिनची सुई लांबून पण बघितलेली नाही आणि तो चष्मा सुद्धा माझा नव्हता, त्याला काचाच नव्हत्या. काचेत लाईट चमकतो म्हणून शूटच्या चष्म्याच्या काचा काढून ठेवतात.

मला हे कळलं विट्याच्या आत्याच्या फोनवरून. "शुगर झाली आन् घरात कुणाला सांगितलं न्हाईस व्हय रं?" मी म्हटलं आत्या, फोटो आहे नुसता. तर म्हणे, "फोटो तुझाच हाय की." आता ह्यावर काय बोलणार. आठवड्याने एसटी पार्सलने कारल्याची पावडर आली, अर्धा किलो, डब्याला बाहेरून चिकटपट्टी आणि आत चिठ्ठी, सकाळी उपाशीपोटी. गावी गेलो तर स्टँडवरच्या टपरीवाल्याने न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला आणि वर हळू आवाजात, काळजी करू नका, आमच्या वडलांना पण आहे.

मी तेरा वर्षं मुंबईत मॉडेलिंग करतो. रॅम्पवालं नाही हां. गावाकडे मॉडेल म्हटलं की लोकांना अजून मिलिंद सोमण आणि अजगर आठवतो, ती बुटांची जाहिरात १९९५ची, अंगावर बूट आणि अजगर एवढंच, तिच्यावरची अश्लीलतेची केस २००९ला संपली, सगळे निर्दोष सुटले, पण अजगर काही लोकांच्या डोक्यातून जात नाही. मला पण एका लग्नात विचारलंय, साप कुठाय म्हणून. आमचं काम म्हणजे शर्टच्या खोक्यावरचा माणूस, इन्शुरन्सच्या ब्रोशरमधला बाप, कुकरच्या जाहिरातीत मागे उभा राहून वास घेणारा नवरा. अंधेरीच्या आरामनगरला ऑडिशनच्या लायनीत उभं राहायचं, काम आणून देणाऱ्या कोऑर्डिनेटरला वीस टक्के द्यायचे आणि पेमेंटसाठी तीन महिने फोन करत राहायचं. तक्रार नाही, घर चालतं.

आता हा फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरबद्दल, कारण तुम्हाला वाटेल की हा सगळा त्याचाच उद्योग. मी ज्यांना सर म्हणतो त्यांचा साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे, खाली पॅकिंगवाला, वर हे, दुपारी खालचं मशीन सुरू झालं की ट्रायपॉड हलतो म्हणून सर थांबतात आणि सगळ्यांना चहा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅमेरा समोर आला की मी छाती फुगवून उभा राहायचो, जिममध्ये आरशासमोर राहतात तसा. सर म्हणाले, श्वास सोड आधी, फुगलेला माणूस फोटोत भिंत दिसतो. मग हनुवटी थोडी पुढे काढ आणि खाली घे, कासवासारखी, आरशात येडपट दिसेल पण फोटोत जबडा येईल. आणि खरंच आला. शर्ट मागून चिमट्यांनी असा ताणून लावायचे की पुढून मापाचा वाटला पाहिजे, मी मागे वळलो असतो तर पाठीवर दहा क्लिप दिसल्या असत्या. बुटांच्या तळव्याला टेप, कारण खाली पांढरा पेपर रोल असतो, एक डाग पडला की तेवढा फाडून टाकायचा आणि रोल काही फुकट येत नाही. हसायचं कसं हे पण त्यांनीच शिकवलं, आधी डोळे मिट, मग उघडताना हस, मी नंबर मोजणार नाही, मला पाहिजे तेव्हा दाबणार. इतकी वर्षं झाली, अजून कुठल्याही शूटवर मी तेच करतो.

वाईट फोटोग्राफर पण भेटले. एकाने फॉर्मल शर्टच्या कॅटलॉगला रात्री दहाला बोलवून सांगितलं, शर्टाशिवाय दोन-चार देऊन बघ, पुढचं काम मोठं आहे, मी बॅग उचलली आणि निघालो. पुरुष मॉडेलच्या बाबतीत पण असं होतं ह्यावर कुणी लिहीत नाही, ते वेगळं पत्र होईल.

तर हा अंगठा ज्यातला, ते स्टॉक शूट. कुणा एका कंपनीसाठी नाही, फोटो काढून साइटवर टाकायचे, जगात कुणाला लागला तर त्याने पैसे भरून घ्यायचा. सरांकडे एक यादी होती, डोकं दुखतंय, पाठ दुखतेय, बॉसचा फोन, बायकोचा फोन, लॉटरी लागली, रिपोर्ट चांगला आला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी सगळ्या रोगांतून गेलो आणि जेवणानंतर पांढरा कोट घालून स्वतःच डॉक्टर झालो. सहा हजार रुपये मिळाले, बाराशे कोऑर्डिनेटरचे. तुमच्या जाहिरातीतला अंगठा हा "रिपोर्ट चांगला आला" मधला.

आणि रिलीज फॉर्म, म्हणजे माझा फोटो वापरायला मी लिहून दिलेली परवानगी. दोन पानं इंग्लिश. मी सही केली, सगळे करतात, लायनीत मागे चार जण उभे असताना कोण वाचत बसतो. नंतर घरी नीट वाचला तर त्यात हक्क कायमचे आणि "थ्रूआउट द युनिव्हर्स", म्हणजे उद्या चंद्रावर कुणी पावडर विकली तरी मी तिथे अंगठा दाखवत हजर. हसू येतं पण हा फॉर्म मराठीत किंवा हिंदीत द्यायला कुणाचं काय जातं? अजून एक, पोरं काम मागताना दाखवायला पंचवीस-तीस हजार भरून स्वतःच्या फोटोंचा पोर्टफोलिओ काढतात आणि फोटोग्राफर म्हणतो फोटो माझे, फाईल मिळणार नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, पैसे देऊन कुणी स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना पहिला मालक पैसे देणारा. माझ्या केसमध्ये पैसे सरांनी दिले होते, म्हणून फोटो सरांचा. हे मला एका वकील मित्राने सांगितलं, तेरा वर्षांनी, तोपर्यंत मी उलटंच समजत होतो.

जाहिरात बघून मी तणतणत गाळ्यावर गेलो. सरांनी काही न बोलता तुमच्या ई-पेपरचं पान उघडलं, झूम केलं आणि बोट ठेवलं, माझ्या शर्टाच्या कॉलरवरून एक फिकट तिरकी रेघ जात होती. म्हणाले, वॉटरमार्क आहे हा, न विकलेल्या फोटोवर साइट टाकते ती पुसट खूण, पुसायला घेतला आणि कॉलरवर विसरला, म्हणजे फोटो विकत घेतलेला नाही, साइटवरून उचललेला आहे. त्या फोटोचे त्यांना स्वतःला तोपर्यंत शंभर रुपये पण आलेले नव्हते. बरं, पैसे भरून घेतला असता तरी चाललं नसतं, काही मोठ्या स्टॉक साइट्सच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की मॉडेलला आजारी म्हणून किंवा औषध घेणारा म्हणून दाखवायचं नाही. मग आम्ही दोघं रात्री एक वाजेपर्यंत इंटरनेटवर तोच फोटो टाकून शोधत बसलो. अजून अकरा ठिकाणी सापडलो. एका ठिकाणी मी हेअर ट्रान्सप्लांटच्या आधीचा आहे, एका ठिकाणी नंतरचा.

म्हणून माझं भांडण सरांशी नाही, तुमच्याशी आहे. राग मानू नका. १९५४चा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज नावाचा, त्याच्या यादीत मधुमेह आहे आणि त्या यादीतला रोग बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. कायद्यात नुसता पावडरवाला नाही, जाहिरात छापण्यात भाग घेणारा पण आहे. तुम्ही पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापता की वाचकांनी खातरजमा करून घ्यावी. माझी आत्या ६८ वर्षांची आहे, ती काय खातरजमा करणार, तिने तर माझा चेहरा बघून विश्वास ठेवला. गल्लीतल्या एका बाईने तिला विचारलं पण होतं, तुमच्या भाच्याला गुण आला तर आम्ही पण मागवू का, इन्सुलिन बंद करून. हे ऐकलं तेव्हा माझं हसू गेलं आणि त्या रात्री पत्र लिहायला बसलो.

मोठ्या लोकांचं बरं असतं. दिल्ली हायकोर्टाने २०२२मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासाठी आणि २०२३मध्ये अनिल कपूर यांच्यासाठी आदेश दिला की परवानगीशिवाय नाव, आवाज, चेहरा वापरायचा नाही. माझ्या चेहऱ्यासाठी कोर्टात उभं राहायचं तर वकिलाची पहिली फी म्हणजे माझे किती शर्टांचे कॅटलॉग, हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला.

मला पैसे नकोत. दोन ओळींचं शुद्धिपत्र छापा, त्याच पानावर त्याच कोपऱ्यात, की हे गृहस्थ शिक्षक नाहीत, त्यांना मधुमेह कधी नव्हता आणि पावडर त्यांनी घेतलेली नाही. आणि पुढच्या वेळी अशी जाहिरात आली तर छापायच्या आधी त्या गृहस्थांचा फोन नंबर मागा, बघा देतात का.

पत्राखाली माझं नाव छापू नका, कामं जातील. फोटो पाठवत नाही, तुमच्याकडे आहेच.

आपला,
एक मॉडेल, जोगेश्वरी पूर्व