अलिबागला यायचं तर तिथी बघून या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत समुद्रकाठच्या सुट्टीवर पान आलं. त्यात आमच्या अलिबागला चार ओळी होत्या: किनारा बघा, किल्ला बघा, मासे खा आणि संध्याकाळच्या बोटीने परत जा. लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलं असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी तीच राहून गेली. इथला दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-सुकतीवर चालतो (सुकती म्हणजे ओहोटी). ते कळलं नाही तर अर्धं अलिबाग न बघताच माणूस परत जातो.

मी अलिबागजवळच्या आक्षीला राहते. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे सुट्टीत येणाऱ्यांची फजिती रोज डोळ्यांसमोर असते. कुणी पौर्णिमेला भर बाराला किनाऱ्यावर जातात. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या तटाला लाटा लागलेल्या दिसतात आणि फोन येतो, "काकू, किल्ला आज बंद आहे का?" बंद नसतो हो, पाणी चढलेलं असतं. याच्या उलट झालं तर जास्त वाईट. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे उतरलेलं पुण्याचं एक कुटुंब पंचमीच्या दिवशी अकराच्या सुमारास चालत किल्ल्यात गेलं. बरोबर दोन लहान मुलं आणि सत्तरीच्या आजी. पूर्ण सुकती पावणेदहाला होऊन गेली होती, म्हणजे ते निघाले तेव्हाच पाणी परत फिरलं होतं. आत देऊळ बघितलं, तटावर फोटो काढले, तास-दीड तास कधी गेला कळलं नाही. बाहेर येऊन बघतात तो मधल्या वाटेवर कमरेएवढं पाणी. मुलांना खांद्यावर घेऊन निघायच्या बेतात होते, एका घोडागाडीवाल्याने हटकलं म्हणून थांबले आणि पुढे होडीतून आले. आजी संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. त्या घाबरलेल्या चेहऱ्यामुळेच हे पत्र लिहायला बसले.

हिशेब अगदी सोपा आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी शिकवला होता. पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण सुकती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी घोडागाडीवाल्याला किंवा जाळं विणत बसलेल्या कुणालाही विचारावं. आणखी एक ध्यानात ठेवायचं: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं तसंच खूप आत ओसरतं, पण अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-सुकतीच्या दिवसांत, ते पुरतं ओसरतच नाही. त्या दिवशी कोरड्या पायांनी किल्ल्यात जायची आशा धरू नये. सकाळच्या किल्ल्यासाठी द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम. साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान सुकती मिळते, ऊन चढायच्या आत बघून होतं.

आणि मग किल्ला सावकाश बघावा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत या कुलाबा किल्ल्याचं काम सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. बाहेरून तटाकडे जवळून बघा. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो. भिंत समुद्राशी भांडत नाही, त्याला थोडी जागा देते, म्हणून सव्वातीनशेहून जास्त वर्षं उभी आहे. मुलांना फटीपाशी कान लावायला सांगा, पाणी आत जातानाचा आवाज ऐकू येतो. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतनाचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. गावात परतल्यावर कान्होजी आंग्र्यांच्या समाधीवर दोन मिनिटं थांबावं. १७२९ मध्ये ते गेले तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही या किनाऱ्यावर त्यांनी निवांत बसू दिलं नव्हतं.

पाणी चढलं की किनारा सोडायचा. गाड्यासुद्धा किनाऱ्यावरून काढायच्या. मांडव्याच्या जेट्टीला गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईच्या गाड्या तासाभरात इकडे येतात. त्यांतल्या काही थेट ओल्या वाळूत उतरतात, रुततात, आणि भरती येईपर्यंत ट्रॅक्टर शोधायची धावपळ होते.

भरतीच्या त्या पाच-सहा तासांत काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मी आधी माझ्या गावाचं सांगते, राग मानू नये. आक्षीत एक शिलालेख आहे. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली ओळी. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा त्याचा काळ अभ्यासकांनी लावला आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. सुरुवात 'गीं सुष संतु' अशी आहे, जगी सुख नांदो. पुढे पश्चिम समुद्राचा अधिपती केसीदेवराय याचं नाव येतं. हा दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. मी स्वतः कित्येकदा त्याच्या शेजारी रिक्षाची वाट बघत उभी राहिले आहे आणि मला पत्ताच नव्हता. आता त्याला नीट जागा मिळाली आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रानेही पानंच्या पानं लिहिली. त्या भाषेचं हजार वर्षांपूर्वीचं अक्षर जिथे हाताच्या अंतरावर बघता येतं, तिथून रोज शेकडो गाड्या नागावच्या किनाऱ्याकडे न थांबता जातात. एकदा नगरहून आलेल्या एका मुलीने त्या ओळींवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवून अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला. 'सुष' तिला वाचता आलं. 'ष'चा उच्चार 'ख' असा करायचा हे मी सांगितल्यावर ती जी हसली, तशी कुणी वॉटर स्कूटरवरून उतरताना हसलेलं मी पाहिलेलं नाही.

अलिबाग गावातली चुंबकीय वेधशाळा तर लोकांना माहीतही नसते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला घेत. तिथल्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा इथे आणली. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. जुन्या-नव्या नोंदींची सांगड बसावी म्हणून दोन वर्षं दोन्ही ठिकाणी मोजमाप केलं. इमारत अशी बांधली की तिच्यात लोखंड येऊ नये. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, पण शाळेची सहल आणणाऱ्या शिक्षकांनी तेवढा खटाटोप जरूर करावा.

दक्षिणेकडे वळलात तर चौलच्या रामेश्वराला जा. तिथे पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं मंडपाच्या फरसबंदीखाली झाकलेली आहेत. पायांत बळ असेल तर दत्ताच्या डोंगराच्या सातशेवर पायऱ्या चढा. वरून सुपारीच्या वाड्या आणि त्यांच्यापलीकडची खाडी एका नजरेत येते. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटातून आजही रस्ता जातो. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच चौल बंदरात उतरला होता, रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेलात तर तिथली माणसं आपसात बोलतात ती पोर्तुगीजपासून झालेली त्यांची स्वतःची बोली कानावर पडेल. उत्तरेला किहीम आहे. सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो तिथेच. नवगावला बेने इस्राएल या ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे. त्यांचे पूर्वज जहाज फुटून त्या किनाऱ्याला लागले असं ते मानतात. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची नातवंडं आता इस्राएलहून येतात आणि म्हाताऱ्या माणसांशी मराठीतच बोलतात.

खाण्याचं थोडक्यात. मासे सगळेच खातात. पण थंडीत आलात तर कुणाच्या तरी शेतावर पोपटी लागते का ते विचारा. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पाल्याचा तो कडसर वास हातांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन जा, मात्र विकणाऱ्या बाईला गाव विचारा. खंडाळे-कार्ल्याकडचा कांदा गोड, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

संपादक महोदय, एस.टी. स्टँडवर, मांडव्याच्या जेट्टीवर आणि किनाऱ्याच्या तोंडाशी त्या दिवशीच्या भरती-सुकतीचा फळा लागावा, हे आम्ही स्थानिक लोक आमच्या परीने मागत राहूच. आपल्याकडे मागणं एवढंच आहे: शनिवार-रविवारच्या अंकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या खाली एक ओळ वाढवा, 'अलिबाग: पूर्ण सुकती सकाळी इतके वाजता, त्यानंतर तासाभरात किल्ल्यातून बाहेर पडावे.' दिवाळीच्या सुट्टीच्या आधी ती सुरू झाली तर फार बरं होईल.

आपली वाचक,
आक्षी, ता. अलिबाग