ओस्तियाच्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. मे महिन्यात ओस्तिया आंतिकाला, म्हणजे रोमजवळच्या जुन्या रोमन बंदराच्या अवशेषांत, पोर्ता रोमाना या वेशीजवळ पाइनच्या सावलीत, बुटाचा तळ निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला तुम्ही हात दिलात. ते माझे बाबा.

तिथला रस्ता काळ्या, ओबडधोबड दगडांचा. बाबांचे गुडघे आधीच दुखरे. "तू जाऊन ये, मी बसतो इथंच," म्हणाले. तुम्ही पिशवीतून सुतळी काढलीत, त्यांच्या पायाशी बसून बुटाला चार आडवे वेढे दिलेत आणि गाठ पक्की आवळलीत. एकमेकांच्या भाषेतला एक शब्द दोघांना कळत नव्हता.

बाबांचं लातूरला ४० वर्षं अडत दुकान होतं, एवढं मी फोनवर भाषांतर करून सांगितलं आणि तुम्ही बेतच बदललात. नाट्यगृह, स्नानगृहं, सगळं नंतर! आधी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण दाखवलेत. काहींवर मापाचे आकडे कोरलेले. मग धान्याची कोठारं. ओल लागू नये म्हणून फरशी खालून उचलून घेतलेली; बाबा वाकून ती पोकळी बघत राहिले. इजिप्तचा, आफ्रिकेचा गहू जहाजांनी यायचा आणि तिबर नदीतून रोमला जायचा. त्याच नदीच्या गाळानं समुद्र आता तीनेक किलोमीटर लांब गेला आहे.

आणि शेवटी मापाड्यांचं दालन. तिसऱ्या शतकातली काळ्या-पांढऱ्या खड्यांची फरशी. पाठीवर पोतं घेतलेला हमाल, मध्ये माप, मापाड्याच्या हातात शीग उतरवायची काठी, बाजूला हिशेब ठेवणारा पोरगा. "अगं, हा तर आपला मापाडी!" बाबा ओरडलेच. हवेतच माप धरून त्यांनी वरची शीग सपाट करून दाखवली, तर तुम्हीही हात तस्साच फिरवलात. बाबांना इतकं खुललेलं मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनपर्यंत त्यांना धरून आणलंत, गाडीत बसवलंत. काका, मनापासून आभार.

लातूरला पोचल्यावर बाबांनी त्या फरशीचा फोटो आधी मार्केट यार्डात नेला. तिथल्या एका जुन्या मापाड्यानं तो बोटांनी मोठा केला आणि ती काठी बराच वेळ निरखली.

तुमच्या लातूरच्या मित्राची मुलगी