मनूस, त्या अकरा पानांबद्दल

मिरज, मंगळवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढवला, ते चुकलंच. तू फोन ठेवलास आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. म्हणून लिहायला बसलो. तुझ्या गाण्याच्या कराराची तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली अकराही पानं मोठी करून छापून घेतली आणि दोनदा वाचली. सातवं पान अर्धं पुसट आलंय, ते पुन्हा पाठव. पुढच्या तीन गाण्यांची अट नेमकी तिथेच आहे.

सहीबद्दल या पत्रात एकदाच लिहितो आणि पुढे जातो.

एका गाण्यात तंबोऱ्यासारख्या चार तारा असतात. शब्द एक, चाल दुसरी, ध्वनिमुद्रण तिसरी, आणि ज्या गळ्यातून ते आलं त्या गायिकेचा हक्क चौथी. प्रत्येकीचा मालक वेगळा असू शकतो. तुझ्या पावसाच्या गाण्यात चारही तुझ्या आहेत. स्टुडिओचे अठरा हजारही तूच भरलेस, म्हणजे मुद्रणाची निर्मातीही तूच. त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर या चारही तारा एकाच वाक्यात, पस्तीस हजारांना, जगभरासाठी आणि कायमस्वरूपी लिहून मागितल्या आहेत.

‘कायमस्वरूपी’ म्हणजे किती, ते नीट समजून घे. शब्द आणि चालीचा कॉपीराइट कर्ता हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ ती पाच वर्षं धरतं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच करार धरतं. करार पाठवणाऱ्यांच्या वकिलाला हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी दोन्ही जागा भरून टाकल्या आहेत.

पाचव्या पानावर ‘यापुढील सर्व रॉयल्टीचा हक्क सोडत आहे’ असं वाक्य आहे. हे कायद्यात बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. चित्रपटाबाहेरच्या गाण्यालाही हे लागू आहे, आणि उलट लिहिलेला करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. पण वाक्य टिकणार नाही म्हणून सही करायला हरकत नाही, असं म्हणणाऱ्या तुझ्या त्या मित्राचं ऐकू नकोस. रद्दबातल ठरवून घ्यायला कोर्टात जावं लागतं. ते वकील लावून बसलेत, आपल्याला तारखा मोजाव्या लागतील.

झालं. आता सही सोडून बोलतो.

तू म्हणालीस, ‘बाबा, निदान दोन महिने तरी निघतील.’ ते वाक्य रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. भाडं किती थकलंय? मी पाठवतो म्हटलं तर तू घेणार नाहीस. आत्याच्या वेळी काय झालं ते आठवून मीही आग्रह धरत नाही. पण घाईची सही माणूस पैशाच्या ओढीने करतो, म्हणून तुझा स्वतःचा पैसा कुठे कुठे अडकलाय ते आधी पाहू.

सगळ्यात जवळचा पैसा आयकर खात्याकडे आहे. गेल्या वर्षी दोन आयोजकांनी तुझ्या मानधनातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला. पॅन दिलेला असेल तर तो १० टक्के कापतात, नसेल तर २०. एकाकडे तू पॅन दिलाच नव्हतास, तिथे दुप्पट गेले असणार. ई-फायलिंगच्या साइटवरून फॉर्म २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, काढ आणि दोन्ही रकमा तुझ्या नावावर दिसतात का बघ. दिसत नसतील तर आयोजकाने विवरणपत्रात पॅन घातलेला नाही किंवा चुकीचा घातला आहे. त्याला दुरुस्ती करायला सांग. तुझं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे रिटर्न भरलंस की कापलेले पैसे परत येतात. जीएसटीचं कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही.

दुसरं म्हणजे सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्राची, तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. तुझी तर चौदा झाली. पैसे दरमहा येत नाहीत, सहामाही हप्त्यांत येतात. त्यामुळे भाड्याचा हिशेब त्यावर बसवू नकोस, त्यातून तालमीचा आणि साथीदारांचा खर्च काढ. बाईंकडून शिक्षणाचं प्रमाणपत्र आत्ताच घेऊन ठेव. शेवटच्या आठवड्यात त्या दौऱ्यावर असतात आणि अर्ज तेवढ्यासाठी राहून जातो. येत्या आषाढात तुला पंचवीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची खेप समज. हुकलीच तर २५ ते ४० वयासाठी त्यांचीच कनिष्ठ फेलोशिप आहे, महिना १०,०००, दोन वर्षं. पण तिला विषय मांडून प्रकल्प द्यावा लागतो, नुसतं गाऊन चालत नाही.

आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज भरलास का? बी ग्रेड मिळाली की मग बी हाय, ए आणि टॉप अशी वर जाता येतं. मानधनापेक्षा त्या श्रेणीचा उपयोग जास्त. परगावचा आयोजक गाणं ऐकण्याआधी ग्रेड विचारतो, हे तुलाही माहीत आहे.

आता आयपीआरएस. १९६९ ची संस्था, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची. गाणं रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात, स्ट्रीमिंगवर वाजलं की परवान्याचे पैसे ती गोळा करून वाटते. ढोबळ वाटा असा: शब्दांना २५, चालीला २५ आणि मालकी ज्याच्याकडे त्या प्रकाशकाला ५० टक्के. तुझे शब्द-चालीचे ५० आहेतच. मालकी दिली नाहीस तर उरलेले ५० ही दुसऱ्याच्या घरी जात नाहीत. सभासदत्वाला पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा पुरावा लागतो. खरी गफलत त्यानंतर होते. सभासद झालं की पैसे येतील असं मुलांना वाटतं. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, वाट्यांसकट. तू एका गाण्यावर नाव आडनावासह दिलंस, दुसऱ्यावर नुसतं पाळण्यातलं, आणि तिसऱ्यावर रोमन स्पेलिंग बदललंस. यादी जुळवणाऱ्याच्या दृष्टीने या तीन बायका झाल्या. एक नाव ठरव आणि सगळीकडे तेच ठेव. गायिका म्हणून मिळणारा हक्क वेगळा, त्यासाठी इसाम्रा ही गायक-वादकांची संस्था आहे. तिथेही अर्ज कर.

गाणं स्वतः वितरकामार्फत स्ट्रीमिंगवर टाकायचं असेल तर तेही काही अवघड नाही. मास्टर, म्हणजे अंतिम मुद्रण, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घे, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रदर्शनाची तारीख चार आठवडे पुढची धर. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल तर प्रदर्शनाआधी निदान सात दिवस ते त्यांच्या खात्यात चढलेलं असावं लागतं. उद्या सकाळी टाकू म्हणणाऱ्यांचं गाणं संपादकांच्या कानावर जातच नाही. वितरक तुला त्या मुद्रणाची ओळख म्हणून बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक देईल. तो वहीत लिहून ठेव. उद्या वितरक बदललास तरी त्याच मुद्रणाला तोच क्रमांक लावायचा. नवा पडला की ऐकणाऱ्यांचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आणि तबल्याच्या, बासरीच्या पोरांशी कोणाचा किती वाटा ते गाणं चढवायच्या आधी एका पानावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेव.

बघ, पुन्हा सहीवरच आलो. आणि मी तुला शिकवतोय, जी सात वर्षं स्टेजवर उभी आहे. रागावू नकोस. इतक्या कलाकारांचे कागद या टेबलावरून गेले, पण आपल्या पोरीचा कागद समोर आला की हात थरथरतो.

तुझा तंबोरा काल सतारमेकर गल्लीत नेला होता. पावसाळ्याने जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारी तारेची झणकार, दबली होती, आवाज भोपळ्यातच अडकल्यासारखा. त्यांनी घोडी कानसून दिली, दोन तारा बदलल्या. तू नऊ वर्षांची असताना याच दुकानात तारेखाली सुताचा दोरा केसाएवढा पुढे सरकवलास आणि म्हणालीस, ‘आता बोलला.’ कारागिराने हातातलं काम ठेवून तुझ्याकडे पाहिलं होतं. त्या कानाने तू हे गाणं केलंयस. दुसऱ्या कडव्यात मध्यमावर येऊन तू जी थांबतेस आणि पंचमाला न जाताच खाली उतरतेस, तिथे तुझी आई दर वेळी चिमटा खाली ठेवून ऐकते. गाणं साधारण असतं तर मी म्हटलं असतं, घे पस्तीस हजार, दुसरं कर. साधारण नाही, म्हणून मला झोप येत नाही.

त्यांना सरळ नाही म्हणायची गरज नाही. उलट प्रस्ताव पाठव. मालकी देत नाही, परवाना देते, तोही पाच वर्षांचा. पुढच्या तीन गाण्यांची अट काढा. पस्तीस हजार ही आगाऊ रक्कम आहे की एकरकमी मोबदला, ते स्पष्ट लिहा, कारण आगाऊ असेल तर आधी ते तुझ्या वाट्यातून वसूल करतील. दर तीन महिन्यांनी हिशेब द्या. नवव्या पानावर आवाजाचे नमुने ‘कोणत्याही तंत्रज्ञानासाठी’ वापरण्याची परवानगी मागितली आहे, ती पूर्ण खोड. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करायला मनाई केली, ते त्यांनी अशी परवानगी कधी दिली नव्हती म्हणून. तू लिहून दिलीस तर तुला ती वाट राहणार नाही.

वकिलाचे पैसे कुठून आणू म्हणशील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन लाव. कॉपीराइटचं काम केलेला वकील द्या, असं स्पष्ट माग, नाहीतर ज्याची पाळी असेल तो मिळेल.

दिवाळी पहाटेच्या तारखा येतील आता. आयोजकाकडून लिहून घे: निम्मे पैसे आधी, निम्मे स्टेजवर जाण्यापूर्वी, साथीदारांचं मानधन वेगळं, आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा की नाही याचं एक वाक्य. हे न लिहिल्याने नवी चाल आयोजकाच्या चॅनेलवर आधी बाहेर पडते. तेवढं सांभाळ.

एक गोष्ट विचारायची नाही असं ठरवलं होतं. फोनवर तू सही ‘करणार आहे’ म्हणालीस की ‘केली आहे’, ते मला नीट ऐकू आलं नाही. केली असलीस तरी सांग. रागावणार नाही. वाद न्यायालयात गेला आणि अटी कर्त्याला जाचक आहेत असं ठरलं, तरी पहिली पाच वर्षं हस्तांतरण रद्द करण्याचा आदेश देता येत नाही. पण शब्द-चालीची बरोबरीची रॉयल्टी तेव्हाही तुझीच राहते, आणि त्याच आठवड्यात आयपीआरएसला गाणं नोंदवावं लागेल. म्हणून मला तारीख कळायला हवी.

शनिवारी दादाचा मित्र गाडी घेऊन अंधेरीला येतोय. तंबोरा त्याच्याबरोबर पाठवतो, मागच्या सीटवर आडवा, भोपळ्याखाली उशी देऊन. उतरवून घेताना तू स्वतः हजर राहा.

तुझे,
बाबा

ता.क. सातवं पान पाठवताना दिव्याखाली धरून फोटो काढ. आणि भाड्याचा आकडा आईला तरी सांग.