छात्रांना घरी येण्यासाठी जादा डबे हवेत

माझा मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकतो. मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दीक्षान्त संचलन झाले की देशभरातले छात्र एकाच वेळी घरी निघतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. सकाळी आठला आरक्षण सुरू होते तेव्हा मुलगा वर्गात किंवा मैदानावर, मोबाइल हाताशी नाही. इकडे लातूरला मी मोबाइल घेऊन बसते, तोवर प्रतीक्षायादी! मागच्या सुट्टीत तो दाराजवळ काळ्या ट्रंकेवर बसून रात्रभर आला. पाय सुजले होते, तरी हसत होता. त्या आठवड्यात पुण्याहून सुटणाऱ्या गाड्यांना जादा डबे जोडावेत, ही कळकळीची विनंती.

– एका छात्राची आई, लातूर