मेंदूच्या टीबीत शिराही तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात हडपसरला राहते. माझ्या धाकट्या बहिणीला मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला. औषधं सरकारकडून मोफत मिळाली, निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, पोषणाचे पैसेही खात्यात आले. त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पण गोळ्या चालू असतानाच तिचं डोकं पुन्हा दुखू लागलं. आडवी झाली की जास्त. पहाटे उलट्या, समोरचं धूसर, आणि मग फीट. ‘टीबीच आहे, वेळ लागणार’ म्हणत साधा सीटी स्कॅन काढला. तो नॉर्मल आला. पुढे एका न्यूरॉलॉजिस्टनी डोळ्यांचे पडदे तपासले, तर मागच्या नसेला सूज. एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या शिरा दाखवणारा एमआरआय केला, तेव्हा मेंदूतलं रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी सापडली.

या आजारात धमन्यांना सूज येऊन पक्षाघात होतो, हे डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं असतं. शिरेतली गुठळी त्यामानाने कमी आढळते, म्हणून तिची शंका येत नाही. आवरणाची सूज, उलट्यांनी शरीरातलं कमी झालेलं पाणी आणि अंथरुणाला खिळणं, या सगळ्याने रक्त गोठायला मदतच होते. रक्ताला वाट उरली नाही की डोक्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. साध्या सीटीत ही गुठळी अनेकदा दिसत नाही. व्हेनोग्राफी मात्र एमआरआयबरोबरच होते, टोचून द्यायचा रंग (डाय) न देताही.

गुठळी सापडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. रक्त पातळ करायला वॉरफॅरिन दिलं, तर टीबीचंच औषध रिफाम्पिसिन त्याचा असर कमी करतं. वॉरफॅरिनचा डोस वाढवावा लागतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा पुन्हा बघावा लागतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर तोच वाढवलेला डोस रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतो. जुन्नर-भोरच्या पेशंटने दर वेळी एका रक्ततपासणीसाठी पुणं गाठायचं का?

साहेब, उपचार चालू असताना डोकेदुखी, फीट किंवा धूसर दिसणं सुरू झालं, की मेंदूच्या टीबीच्या पेशंटची व्हेनोग्राफी मोफत व्हावी, असा लेखी आदेश काढा. आयएनआरची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात करा. आणि वॉरफॅरिन चालू असेल तर उपचार कार्डावर ठळक नोंद असू द्या, म्हणजे रिफाम्पिसिन बंद करणाऱ्याला आधी डोस बघायची आठवण राहील.

आपली,
हडपसरची एक रहिवासी