गंजलेल्या पेट्रोल नळीबद्दल मिस्त्री काकांना आभाराचं पत्र

मिस्त्री काका,

स. न. वि. वि.

नळी आतून गंजली म्हटलं की आमच्यासारख्यांचा हात थेट अ‍ॅसिडकडे जातो. तुम्ही आधी विचारायला लावलंत, की ही नळी धुण्याच्या लायकीची तरी आहे का? त्या एका प्रश्नाबद्दल हे जाहीर आभार.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे नळीचा सर्वांत खोल बाक आधी सडतो. म्हणून नळी गाडीवरून उतरवायची, पेट्रोल पूर्ण काढून सुकवायची, एक टोक बंद करून 1 बार दाबाने (बार हे दाबाचं माप) हवा भरायची आणि पाण्यात बुडवायची. बुडबुडा दिसला की नळी भंगारात. डाग देऊन वाचवायची नाही. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोलचा दाब 3 बारच्या आसपास असतो, तिथे शंका आली तरी नवीच नळी.

दुसरा धडा सोड्याचा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर गंजावर बसलेला असतो आणि अ‍ॅसिड त्याच्या खाली पोचत नाही. म्हणून आधी लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून नळी खळखळून काढायची. तरी चिकटपणा राहिला तर अ‍ॅसिटोन, तेही मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब.

मग 1 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. बाहेरून 8 मिमी जाडीच्या चार मीटर नळीत जेमतेम 140 मिली द्रव मावतो, तो लवकर थकतो. रात्रभर भरून ठेवण्यापेक्षा दर तासाला बदललेला बरा; ओतलेल्या पाण्याला रंग येईनासा झाला की थांबायचं. दोन्ही टोकं वर आणि उघडी, कारण आत हायड्रोजन तयार होतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड नको, ते गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं. सरळ भागात सायकलच्या ब्रेकची तार टोकाला पिंजून फिरवता येते. बाकात ती अडकते आणि तुटते.

धुतलेलं उघडं पोलाद काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून मध्ये चहाला उठायचं नाही: साधं पाणी, लिटरला चमचाभर खायचा सोडा, पुन्हा पाणी, हवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, परत हवा. नळी लगेच बसवायची नसेल तर आतून पातळ तेल फिरवून टोकं बंद.

आणि हवेची चाचणी पुन्हा एकदा. भोक कित्येकदा गंजानेच बुजलेलं असतं, ते गंज गेल्यावर उघडं पडतं. ही दुसरी चाचणी तुम्ही सांगितली नसतीत तर गळती गाडीखाली, गरम सायलेन्सरशेजारी सापडली असती.

रबरी नळ्या नव्या, पंपाआधी पारदर्शक फिल्टर. त्यात आठवड्याभरात तांबडी माती दिसली तर दोष नळीचा नाही, टाकीचा. टाकी खोलायचा तुमचा सल्लाही मुकाट्याने मान्य.

लोभ असावा.

आपले,
घरीच जुन्या गाड्या उघडून बसणारे आम्ही सगळे